जुने फोटोशॉप, नवा संगणक

वर्धा शहराला लागून असलेली नालवाडी जुन्या पिढीला ठाऊक आहे ती विनोबांमुळे. १९३० च्या दशकात विनोबांचा मुक्काम येथे होता. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले, खादीच्या जोडीला चर्मोद्योगाचे काम उभे राहिले आणि १९३८ मध्ये विनोबा येथून पवनारला गेले. आज नालवाडी वर्ध्याच्या विस्तारात सामावून गेली आहे. अशा कोणत्याही निमशहरी वस्तीत हमरस्त्यावर एखादा फोटो स्टुडिओ असतो, त्याला जोडून डीटीपीचे टेबल असते आणि पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, तेरवीची कार्डे ही सारी कामे तेथे एकाच संगणकावर उरकली जातात. त्या संगणकावर फोटोशॉप ७.० आणि पेजमेकर ७.० आढळले तर नवल वाटू नये. त्यातले पहिले २००२ सालचे आहे, दुसरे २००१ सालचे.

हा प्रकार वर्ध्यापुरता किंवा लहान गावांपुरता नाही. मोठ्या शहरांतील छापखान्यांतही वीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या या आज्ञावल्या चालू स्थितीत दिसतात. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी ठेवलेली जादा मुदतही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही, म्हणजे यंत्र बदलणे आले. यंत्र बदलले की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘यावर आपले जुने फोटोशॉप चालेल का?’

बहुतेक वेळा चालते. खरा प्रश्न वेगळाच आहे. ते चालवताना ग्राहकांची छायाचित्रे आणि दुकानाची वर्षानुवर्षांची कामे धोक्यात येणार नाहीत ना, हे कोणी विचारत नाही.

जुन्याचा मोह का सुटत नाही?

जुने सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला आळशी किंवा कंजूष ठरवण्याची एक पद्धत पडली आहे. ती अन्यायाची आहे. फोटोशॉप ७.० ला १२८ मेगाबाइट मेमरी पुरे असे आणि हार्ड डिस्कवर तीनशे मेगाबाइटहूनही कमी जागा लागे. चेहऱ्यावरील डाग पुसणारा हीलिंग ब्रश याच आवृत्तीत प्रथम आला. स्टुडिओच्या धंद्याला जे लागते त्यातले बरेचसे तेथे आहे. शिवाय हाताला सवय झालेल्या कळा, पासपोर्टच्या आठ प्रती एका फटक्यात मांडणाऱ्या ‘अ‍ॅक्शन्स’ आणि बारा बाय छत्तीस इंचांच्या लग्न-अल्बमचे शेकडो साचे हे भांडवल काही कमी नाही.

दुसरे कारण पैशाचे आहे. २०१३ मध्ये अ‍ॅडोबीने ‘क्रिएटिव्ह क्लाउड’चा मार्ग धरला आणि त्यापुढच्या फोटोशॉपच्या आवृत्त्या एकरकमी विकण्याऐवजी वर्गणीने देण्यास सुरुवात केली. कायम मालकीचे शेवटचे फोटोशॉप म्हणजे २०१२ चे सीएस ६. लग्नसराईत कमावून पावसाळ्यात हात आखडणाऱ्या व्यावसायिकाला दरमहा वर्गणीचे गणित जुळत नाही. वर्गणीदारांनाही पूर्ण निश्चिंती नाहीच. मे २०१९ मध्ये अ‍ॅडोबीने ग्राहकांना पत्रे पाठवून काही जुन्या आवृत्त्या वापरण्याचा परवाना आता उरला नसल्याचे कळवले होते.

‘आधार संपला’ म्हणजे काय?

आधार संपला म्हणजे आज्ञावली त्या दिवशी बंद पडते असे नव्हे. ती कालच्यासारखीच चालते. बदल होतो तो एवढाच, की तिच्यात यापुढे सापडणारे दोष कोणी दुरुस्त करत नाही. बाहेरच्या जगात मात्र दोष शोधणाऱ्यांचे काम थांबत नाही.

येथे दोन आधार वेगळे ओळखले पाहिजेत, कारण सर्वसाधारण वाचकाचा गोंधळ नेमका येथेच होतो. एक आधार फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅमचा, दुसरा त्याखालच्या विंडोज प्रणालीचा. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी. आधार संपलेला प्रोग्रॅम अद्ययावत विंडोजवर चालवणे ही जोखीम आवाक्यातली आहे. आधार संपलेले विंडोज इंटरनेटला जोडून ठेवणे ही जोखीम आवाक्याबाहेरची आहे. तरीही अनेक ठिकाणी नेमके उलटे घडते. जुने फोटोशॉप नव्या विंडोजवर कुरकुर करते म्हणून संपूर्ण यंत्रच एक्सपीवर किंवा विंडोज ७ वर ठेवले जाते आणि त्याच यंत्रावरून ग्राहकांचे ईमेल उघडले जातात, बँकेचे व्यवहारही होतात.

मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ची आठवण अनेकांना असेल. एका यंत्रात शिरलेला हा खंडणीखोर प्रोग्रॅम स्थानिक जाळ्यातील फाइल-देवाणघेवाणीच्या जुन्या पद्धतीतून शेजारच्या यंत्रांत पसरत गेला. परिस्थिती इतकी बिकट होती, की आधार संपून तीन वर्षे झालेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती द्यावी लागली. पुढे विंडोज १० मध्ये ही जुनी पद्धत, म्हणजे एसएमबीची पहिली आवृत्ती, मुळातच बसवली जाईनाशी झाली. जुन्या एक्सपी यंत्रावरचे फोल्डर नव्या संगणकावर दिसत नाही म्हणून कोणी ही पद्धत पुन्हा सुरू करून देत असेल, तर त्याला थांबवावे.

चित्रातून येणारा चोर

चित्राची फाइल निरुपद्रवी असते, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. ‘फोटोच तर आहे, त्याने काय होते?’ असे म्हणत पेन ड्राइव्ह लावला जातो. वस्तुतः छायाचित्राची फाइल म्हणजे आकड्यांची एक लांब यादी असते. ती वाचून पडद्यावर चित्र उभे करण्याचे काम प्रोग्रॅम करतो. यादीत मुद्दाम खोटी मापे लिहिली, म्हणजे चित्र लहान सांगून प्रत्यक्षात माहिती जास्त भरली, तर कच्च्या प्रोग्रॅमचा तोल जातो. ती जादा माहिती मेमरीत नको तेथे सांडते आणि संगणक तिलाच आज्ञा समजून पाळू लागतो.

ही केवळ पुस्तकी भीती नाही. सप्टेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या जेपेग वाचणाऱ्या भागातील असाच दोष जाहीर केला. डिसेंबर २००५ मध्ये डब्ल्यूएमएफ प्रकारच्या चित्रांतून हल्ले सुरू झाले आणि पुढच्या महिन्यात मायक्रोसॉफ्टला ठरल्या वेळापत्रकाआधी दुरुस्ती काढावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रे वाचणाऱ्या, बहुतेक साऱ्या ब्राउझरांत वापरल्या जाणाऱ्या सामायिक भागातही गंभीर भगदाड सापडले. नव्या प्रोग्रॅमांत ते काही दिवसांत बुजवले गेले. वीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रॅममधील अशी भगदाडे बुजवायला कोणी येत नाही.

मे २०१२ मधील प्रसंग तर या विषयाचा नमुनाच म्हणावा लागेल. फोटोशॉप सीएस ५ मध्ये टिफ फाइलीशी संबंधित गंभीर दोष आढळला. अ‍ॅडोबीने प्रथम सांगितले, की उपाय नव्या सीएस ६ मध्ये आहे. म्हणजे पैसे भरून नवी आवृत्ती घ्या. सीएस ५ तेव्हा अवघ्या दोन वर्षांचे होते. वापरणाऱ्यांनी गदारोळ केल्यावर कंपनीने माघार घेऊन जुन्या आवृत्तीसाठीही दुरुस्ती देण्याचे मान्य केले. फोटोशॉप ७.० साठी आज असा गदारोळ करायलाही जागा उरलेली नाही.

तेव्हा पहिला नियम असा करावा, की बाहेरून आलेली फाइल थेट जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडायची नाही. ती आधी अद्ययावत विंडोजवरील अद्ययावत प्रोग्रॅममध्ये उघडावी आणि तेथून नव्याने टिफ किंवा जेपेग म्हणून जतन करून ती नवी प्रत जुन्या फोटोशॉपला द्यावी. नव्याने जतन करताना चित्र मुळापासून पुन्हा लिहिले जाते, त्यामुळे मूळ फाइलीत दडवलेली खोटी मापे पुढे सरकत नाहीत. जतन करताना चित्रासोबतची आनुषंगिक माहितीही काढून टाकण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. हे काम तसेही टळत नाही. आयफोनची हाइक छायाचित्रे किंवा वेबपी चित्रे फोटोशॉप ७.० ला वाचताच येत नाहीत. रूपांतर करावेच लागते, ते सरसकट सर्वांचे करावे एवढेच.

सर्वांत मोठा धोका बसवण्याच्या सीडीत

येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. जुन्या फोटोशॉपचा विषय निघाला की चर्चा दोष आणि दुरुस्त्यांची होते, पण आपल्याकडील फार मोठा धोका त्याही आधीचा आहे. प्रोग्रॅमची प्रत मुळात आली कोठून? कुलूप तोडलेल्या प्रती, फुकट क्रमांक तयार करणारी ‘कीजेन’ नावाची चिमुकली साधने आणि ‘फुल व्हर्जन’ म्हणून वाटले जाणारे डाउनलोड यांत घुसखोर प्रोग्रॅम मिसळणे अगदी सोपे असते. ते बसवताना ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना हमखास असते. घराचे दार उघडे ठेवा, मग आम्ही येतो, असे सांगणाऱ्याला आपण घरात घेऊ का? अशी प्रत बसवल्यावर पुढे कितीही कुंपणे घातली तरी उपयोग नाही.

कायद्याची बाजूही आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार अनधिकृत प्रत आहे हे ठाऊक असूनही संगणक प्रोग्रॅम वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारी लाभासाठी नसेल तर न्यायालयाला सौम्य शिक्षा देण्याची मुभा आहे, पण स्टुडिओ आणि छापखान्यांना ती लागू पडणे कठीण. ‘आता कंपनी ते विकतच नाही, मग फुकट वापरले तर काय बिघडले?’ हा युक्तिवाद कायद्यात टिकत नाही. विक्री थांबली म्हणून हक्क संपत नाही. याच गैरसमजाचे एक उदाहरण जानेवारी २०१३ मध्ये दिसले. सीएस २ या आवृत्तीचे सक्रियकरण करणारे सर्व्हर बंद झाल्याने अ‍ॅडोबीने सक्रियकरण न लागणाऱ्या प्रती आणि क्रमांक आपल्या संकेतस्थळावर ठेवले. ते मूळ खरेदीदारांसाठी होते. पण ‘फोटोशॉप फुकट झाले’ ही बातमी जगभर पसरली.

ज्यांच्याकडे अस्सल सीडी आहे त्यांनी आजच तिची आयएसओ प्रतिमा करून दोन ठिकाणी जपावी. सीडी कायमची टिकत नाही आणि नव्या संगणकांत सीडी ड्राइव्हही नसतो. डबीवरील क्रमांक वहीत उतरवून ठेवावा. ज्यांच्याकडे अस्सल प्रत नाही, त्यांच्यासाठी जुने फोटोशॉप सुरक्षितपणे चालवण्याची युक्ती या लेखात नाही. त्यांनी जिम्प पाहावे. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा मुक्त प्रोग्रॅम मार्च २०२५ मध्ये ३.० आवृत्तीपर्यंत आला आहे. तो पीएसडी फाइली उघडतो आणि त्यात युनिकोड मराठी नीट उमटते. फोटोशॉपच्या कळांची सवय असलेल्याला पहिले पंधरा दिवस तो छळतो, हे मात्र लपवण्यात अर्थ नाही.

नव्या यंत्रावर जुना पाहुणा

अस्सल प्रत हाती आहे असे धरून पुढे जाऊ. विंडोज ११ केवळ ६४ बिटचे आहे. त्यावर ३२ बिटचे प्रोग्रॅम चालतात, १६ बिटचे चालत नाहीत. फोटोशॉप ७.० हे ३२ बिटचे असल्याने त्याला दार उघडे असते. १९९० च्या दशकातील काही प्रोग्रॅमांची अडचण चमत्कारिक असते. प्रोग्रॅम ३२ बिटचा, पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा! अशा वेळी दाराशीच पाय अडतो.

प्रोग्रॅम अडखळू लागला की दुकानात येणारा तंत्रज्ञ उजव्या कळीने ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडतो आणि काम झाले म्हणून निघून जातो. ही सवय वाईट आहे. ज्या प्रोग्रॅमवर आपला सर्वांत कमी विश्वास असायला हवा, त्यालाच आपण साऱ्या किल्ल्या देऊन बसतो. अडखळण्याचे कारण पुष्कळदा साधे असते. त्या काळातील अनेक प्रोग्रॅम आपल्याच फोल्डरात माहिती लिहीत असत. विंडोज व्हिस्टापासून ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असे लिहिण्यास मज्जाव आहे. उपाय असा, की प्रोग्रॅम त्या फोल्डराबाहेर, स्वतंत्र फोल्डरात बसवावा आणि रोजच्या वापराच्या साध्या खात्याला त्या एकाच फोल्डरात लिहिण्याची परवानगी द्यावी. ‘कम्पॅटिबिलिटी’ या पानावर विंडोज एक्सपीची चौकट निवडून पाहायला हरकत नाही. नव्या बारीक पडद्यावर मेनू मुंगीएवढे दिसत असतील, तर त्याच पानावरील उच्च डीपीआयच्या पर्यायात ‘सिस्टिम’ किंवा ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडावे.

मग विंडोज फायरवॉलमध्ये बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी एक नियम करून या प्रोग्रॅमला इंटरनेट बंद करावे. फोटो सुधारण्यासाठी त्याला इंटरनेट लागत नाही. विंडोज सिक्युरिटीतील ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ सुरू असेल तर जुने फोटोशॉप ‘पिक्चर्स’मध्ये जतन करताना अडेल. तेव्हा संरक्षण बंद न करता परवानगीच्या यादीत फक्त या प्रोग्रॅमचे नाव घालावे. फोटोशॉप सुरू होतानाच गडबडू लागले तर कंट्रोल, अल्ट आणि शिफ्ट या तिन्ही कळा दाबून धरत ते उघडावे. जुन्या पसंती पुसण्याविषयी विचारणा होते.

सोळा गिगाबाइटची मेमरी घेतली म्हणजे जुने फोटोशॉप धावेल, ही अपेक्षा ठेवू नये. साधारणपणे अशा ३२ बिटच्या प्रोग्रॅमला दोन गिगाबाइटपलीकडे पाहता येत नाही.

पेटीतला संगणक

ज्यांना रोज अनोळखी ग्राहकांच्या फाइली हाताळाव्या लागतात त्यांच्यासाठी अधिक पक्की वाट म्हणजे आभासी संगणक. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशन यांसारखा प्रोग्रॅम नव्या संगणकाच्या आत एक संपूर्ण काल्पनिक संगणक उभा करतो. त्यात जुने विंडोज आणि त्यावर जुने फोटोशॉप बसवता येते. व्हर्च्युअलबॉक्स २००७ पासून मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरासाठीही विनामूल्य झाले. मात्र आतल्या विंडोजचाही वैध परवाना लागतो, हे विसरू नये.

या पेटीचा सारा गुण तिच्या भिंतींत आहे आणि लोक त्या भिंतींनाच भोके पाडतात. आभासी संगणकाचे नेटवर्क कार्ड बंद ठेवावे. ते ‘जरा वेळ’ सुरू करण्याचीही गरज नसते. बाहेरच्या आणि आतल्या संगणकाचा सामायिक क्लिपबोर्ड बंद करावा. देवाणघेवाणीसाठी दोन फोल्डर ठेवावेत : एक आत येणाऱ्या फाइलींचा, जो आतून केवळ वाचता येईल, आणि दुसरा तयार कामाचा. संपूर्ण ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर सोयीसाठी सामायिक केले, की पेटी आणि खोली यांत फरक उरत नाही. सारे बसवून झाल्यावर त्या स्वच्छ स्थितीची एक ‘स्नॅपशॉट’ प्रत घ्यावी. पुढे काही बिघडले, विषाणू शिरला, तर दोन मिनिटांत पहिल्या दिवशीच्या स्थितीवर परतता येते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘विंडोज सँडबॉक्स’ही असते, पण ती बंद करताच आतले सर्व पुसले जाते. संशयास्पद फाइल तपासण्यापुरती ती उपयोगी आहे, रोजच्या कामाला नाही.

तिसरी वाट जुने यंत्रच वेगळे ठेवण्याची. नेटवर्कची तार काढली, वाय-फाय बंद केले, म्हणजे ते बेट झाले, असे वाटते. पण बेटावर होडी येतेच. आपल्याकडे ती पेन ड्राइव्हच्या रूपाने येते. २००८ च्या अखेरीस पसरलेला ‘कॉन्फिकर’ पेन ड्राइव्हवरूनही शिरत असे. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागणारा विषाणू तर डीटीपीवाल्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. म्हणून या यंत्रासाठी स्वतःचा एकच पेन ड्राइव्ह राखून ठेवावा आणि तो प्रत्येक खेपेस अद्ययावत संगणकावर तपासावा. ग्राहकाचा पेन ड्राइव्ह या यंत्राला कधीही लावू नये. दहा-पंधरा वर्षे चाललेली हार्ड डिस्क कोणत्याही दिवशी बंद पडू शकते. तिची संपूर्ण प्रत आधीच काढून ठेवावी.

लिनक्स वापरणाऱ्यांना ‘वाइन’ ठाऊक असेलच. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या या साधनाचे काम १९९३ मध्ये सुरू झाले. २००३ मध्ये फोटोशॉप ७.० त्यावर नीट चालावे यासाठी डिस्नेसारख्या चित्रपट कंपन्यांनी पैसा लावला होता. म्हणूनच असावे, हे प्रोग्रॅम तेथे बऱ्यापैकी रुळलेले आहे. पण वाइन ही सुरक्षेची भिंत नाही. त्यातील प्रोग्रॅमला आपले घरचे फोल्डर सहज दिसते.

मराठी अक्षरांचा पेच

आतापर्यंतचे विवेचन जगात कोठेही लागू पडले असते. मराठी व्यावसायिकाची खरी अडकण यापुढे आहे. तो जुन्या फोटोशॉपला आणि पेजमेकरला धरून बसतो त्याचे मोठे कारण टंक, म्हणजे फाँट, हे आहे.

फोटोशॉप ७.० ला युनिकोड मराठीची जुळणी कळत नाही. ‘कि’ लिहिले तर वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरे फुटून पाय मोडल्यासारखी दिसतात. म्हणून श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा पॅकेजांतील जुने टंक वापरले गेले. या टंकांची युक्ती अशी, की फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठवले जातात आणि त्या संकेतांच्या जागी टंकात मराठी अक्षरांचे तुकडे काढलेले असतात. टंक जागेवर असेपर्यंत सारे सुंदर. तो नसेल तर निमंत्रणपत्रिकेच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग उभी राहते. या पॅकेजांपैकी काहींना समांतर पोर्टला लावायचे छोटे कुलूप लागे. नव्या संगणकाला तो पोर्टच नसतो आणि कुलपाचे जुने, स्वाक्षरी नसलेले ड्रायव्हर ६४ बिटचे विंडोज स्वीकारत नाही. ते स्वीकारावेत म्हणून विंडोजची तपासणी किंवा ‘मेमरी इंटिग्रिटी’ बंद करण्याचा सल्ला मिळाला तर तो मानू नये. कंपनीकडे नव्या कुलपाची किंवा नव्या आवृत्तीची मागणी करावी.

सुरक्षिततेचा अर्थ येथे विषाणूपलीकडे जातो. वीस वर्षांची स्मरणिका, संस्थेचे अहवाल, एखाद्या कुटुंबाची वंशावळ पेजमेकरच्या फाइलीत आणि एका विशिष्ट टंकात अडकलेली असते. यंत्र गेले, टंक गेला, तर ती फाइल समोर असूनही वाचता येत नाही. माझ्या मते जुने सॉफ्टवेअर चालते ठेवण्याचे सर्वांत समर्थनीय कारण हेच आहे. त्याचा उपयोग आतला ऐवज बाहेर काढण्यासाठी करावा.

तो काढताना प्रत्येक कामाच्या तीन प्रती कराव्यात. पहिली मूळ फाइल, वापरलेल्या टंकांच्या फाइलींसह एकाच फोल्डरात. दुसरी टंक अंतर्भूत केलेली पीडीएफ, ज्यात पान जसेच्या तसे दिसेल. तिसरी केवळ मजकूर, युनिकोडमध्ये रूपांतरित केलेला. पीडीएफ आहे मग मजकूर कशाला, असे कोणी विचारील. कारण त्या पीडीएफमधला मजकूर शोधता किंवा उचलता येत नाही. उचलला तर पुन्हा तीच निरर्थक रोमन अक्षरे हाती येतात. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, पण रफार, अर्धी अक्षरे आणि वेलांट्या यांत ती चुकतात. एकदा डोळ्यांखालून घातल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नये, विशेषतः नावांच्या बाबतीत.

पीएसडी फाइलींची चिंता तुलनेने कमी आहे. आजचे फोटोशॉप वीस वर्षांपूर्वीची पीएसडी उघडते. त्यातील अक्षरांचा थर तेवढा टंकाअभावी बिघडू शकतो, म्हणून अशा कामाची सपाट टिफ प्रत सोबत ठेवावी. पेजमेकरचे तसे नाही. ७.० नंतर त्याची नवी आवृत्ती निघालीच नाही. त्याच्या फाइली इनडिझाइन सीएस ६ पर्यंत उघडत होत्या. पुढच्या आवृत्त्यांनी तो दरवाजा बंद केला. जानेवारी २०१५ मधील ४.४ आवृत्तीपासून लिबरऑफिसचा ‘ड्रॉ’ हा मुक्त प्रोग्रॅम पेजमेकरच्या फाइली उघडू लागला. मांडणी तंतोतंत येईलच असे नाही, पण मजकूर आणि चित्रांची जागा कळते. जेथे पेजमेकर अजून चालते तेथूनच पीडीएफ काढणे सर्वांत चांगले.

आणि या सर्वांच्या आधी बॅकअप. लग्न पुन्हा लागत नाही, मुंज पुन्हा होत नाही. ग्राहकाची छायाचित्रे गेली तर नुकसानभरपाईची कोणतीही रक्कम अपुरीच. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि घेऊन झाल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्रॅम मूळ फाइलींबरोबरच कुलूपबंद करतो. दुसरी प्रत दुकानात न ठेवता घरी न्यावी. नव्या यंत्राची जुळवाजुळव आणि जुन्या फाइलींचे रूपांतर यांना सलग आठ-दहा दिवस लागतात, म्हणून हे काम तुळशीचे लग्न लागण्यापूर्वीच उरकावे. त्यानंतर मुहूर्त सुरू होतात आणि स्टुडिओतल्या संगणकाला उसंत मिळत नाही.